सिममध्ये विमान उडवायला शिकताय? मोठं जेट राहू दे, आधी छोटं विमान हातात बसू दे

आकाशवेडी

नमस्कार मंडळी,

इथे बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या धाग्यांवर विचारलंय की फ्लाइट सिम्युलेटर (सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्रॅम) घेतलाय पण शिकायचं कसं, म्हणून म्हटलं एकाच ठिकाणी लिहून काढावं. मी बरीच वर्षं सिमवर उडतेय आणि नवीन लोकांना शेजारी बसवून शिकवायची मला मनापासून आवड आहे, त्यामुळे जे दिसलंय ते लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

बहुतेकांचं काय होतं, सिम इन्स्टॉल झाला की लगेच एअरबस नाहीतर बोईंग निवडायचं, रनवेवर उभं करायचं, थ्रॉटल (इंजिनची ताकद कमीजास्त करायचा दांडा) पूर्ण पुढे, आणि विमान उडतं सुद्धा, कारण जमीन सोडणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. वर गेल्यावर मात्र पुढे काय ते कळत नाही, आणि उतरायची वेळ आली की सगळं एकदम अंगावर येतं, वेग जास्त, उंची जास्त, रनवे खालून निघूनही गेला. असं चारपाच वेळा झालं की माणूस म्हणतो हे आपलं काम नाही. अहो काम तुमचंच आहे, फक्त शेवटचा धडा आधी उघडलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवातीला एकच छोटं विमान घ्या, सेसना १७२ किंवा १५२, आणि ते हाताने सरळ, एका उंचीवर, एका वेगात ठेवायला शिका. टेकऑफ नको, लँडिंग पण नको. सिममध्ये थेट हवेत सुरुवात करता येते ना, तीच घ्या. ३००० फूट उंची, स्वच्छ हवामान, वारा शून्य.

आता ट्रिम, म्हणजे हात न लावता विमान एका वेगात राहावं म्हणून करायची बारीक जुळवणी. याच्याकडे नवीन लोक बघतच नाहीत आणि खरं तर निम्मं उडणं तिथेच आहे. १७२ मध्ये आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २३०० च्या आसपास ठेवा, वेग साधारण १०० नॉटवर (ताशी सागरी मैल) येईल. विमान नाक वर करतंय की खाली पाडतंय ते बघा. खाली पाडत असेल तर जॉयस्टिक थोडी मागे ओढून नाक क्षितिजाशी हवं तिथे धरा, आणि धरलेल्या अवस्थेतच ट्रिमचं बटण थोडं थोडं दाबत जा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. खऱ्या विमानात ट्रिम केलं की दांडा आहे तिथेच राहतो आणि हातावरचा दाब निघून जातो. आपल्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, ती कायम मध्यभागीच यायला बघते, म्हणून जेवढं ट्रिम कराल तेवढी स्टिक हळूहळू मध्यावर सोडत आणायची. नाक हललं नाही पाहिजे. शेवटी हात पूर्ण काढून घ्या आणि विमान आपलं आपलं सरळ चालतंय का बघा. चालत असेल तर झालं.

मग थ्रॉटल थोडा कमी करा आणि कशालाच हात लावू नका. सगळ्यांना वाटतं वेग कमी होणार. होतं असं की नाक जरा खाली जातं, एकदोन हेलकावे खाऊन विमान जवळपास त्याच वेगावर बसतं आणि उंची कमी व्हायला लागते. म्हणजे ट्रिमने वेग ठरवला आणि थ्रॉटलने वर जायचं की खाली ते ठरलं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की लँडिंगचं अर्धं कोडं सुटलं समजा.

प्रश्न असतील तर विचारा, मी आहे इथे.

---

भटका_ढग

मस्त धागा ताई! वाचतोय. एक बेसिक प्रश्न, कीबोर्डवर शिकता येतं का की जॉयस्टिक घ्यावीच लागते? आणि पेडल्स पण?

---

आकाशवेडी

कीबोर्डवर नको रे. कळ दाबली की एकदम हालचाल होते, सोडली की नाही, त्यात हलका हात कधी तयारच होत नाही. गेमचा कंट्रोलर असेल तर तो चालेल पण त्याच्या काड्यांची हालचाल फार छोटी असते, म्हणून सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी खाली आण, म्हणजे मध्याजवळ विमान कमी उड्या मारेल. सगळ्यात बरी साधी जॉयस्टिक, जिची मूठ डावीउजवीकडे पिळता येते, ती पिळ म्हणजेच रडर (नाक डावीउजवीकडे फिरवणारी शेपटीवरची उभी फळी). पायाने रडर हलवायची पेडल्स नंतर घेतलेस तरी चालेल. योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटलचा वेगळा संच वगैरे तर आत्ता मनातही आणू नकोस.

---

घारीची_नजर

लेख छान. सिम कोणता घ्यावा यावर कोणीतरी लिहा, नवीन माणूस तिथेच अडकतो.

---

जुना_वैमानिक_सिमवाला

मी लिहितो. मायक्रोसॉफ्टचा सिम सगळ्यांना माहितीये, त्याचं मूळ ब्रूस आर्टविक यांनी सबलॉजिक कंपनीसाठी ॲपल टू वर केलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे, रेघांची जमीन आणि रेघांचे डोंगर असायचे. मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो १९८२ मध्ये आयबीएम पीसीवर आला. नंतर वर्षानुवर्षं त्यात सुरुवातीचा विमानतळ शिकागोच्या तळ्याकाठचा मेग्ज फील्ड असायचा, जगभरच्या किती लोकांनी पहिलं टेकऑफ तिथून केलं असेल! तो खरा विमानतळ २००३ मध्ये बंद पडला पण आमच्या पिढीच्या डोळ्यासमोर तो रनवे अजून आहे.

आता निवड म्हणाल तर तीन नावं. मायक्रोसॉफ्टचा २०२० पासूनचा नवा सिम, त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलीये, त्यामुळे खाली बघून वाट ओळखत उडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. एक्स-प्लेन, त्यात पंख, शेपूट, पंखा यांचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावरचं हवेचं बळ त्या त्या क्षणी मोजतात, विमानाची वागणूक समजून घ्यायला फार चांगला. आणि फ्लाइटगिअर, मुक्त स्रोत, फुकट, जुन्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतो. शिकण्यासाठी तिन्ही पुरेसे आहेत, तुमचा कॉम्प्युटर जो झेपवेल तो घ्या. चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्स बिनधास्त कमी करा. दृश्य सुंदर पण धक्के देत चालणारं असलं की हात कधीच बसत नाही, तुम्ही स्टिक हलवता आणि उत्तर उशिरा दिसतं, मग तुम्ही अजून हलवता.

---

भटका_ढग

धन्यवाद दादा. मी मायक्रोसॉफ्टचा २०२० वाला घेतलाय, त्यातलं ट्रेनिंग सुरू केलं. पण एक कळत नाही, विमान रनवेवर उभं आहे आणि उंचीचा मीटर साधारण ४८०० फूट दाखवतोय. काही बिघाड आहे का?

---

जुना_वैमानिक_सिमवाला

बिघाड नाही. ते ट्रेनिंग ॲरिझोनातल्या सेडोना विमानतळावर आहे, तो सपाट माथ्याच्या डोंगरावर समुद्रसपाटीपासून साधारण ४८३० फुटांवर आहे. विमानातला मीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नाही. म्हणून तिथे 'जमिनीपासून १००० फुटांवर जा' म्हटलं की मीटरवर ५८३० च्या आसपास दिसलं पाहिजे. कुठेही उडायच्या आधी विमानतळाची उंची बघून ठेवायची सवय लावा, आणि मीटरमध्ये त्या दिवसाचा हवेचा दाब भरायचा, नाहीतर मीटर चुकीचं सांगतो. प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, अमेरिकी पद्धतीत २९.९२ इंच.

खरं सांगायचं तर सेडोना पहिल्या धड्यासाठी कठीण जागा आहे. उंचावर हवा विरळ, इंजिन कमी ताकद देतं, पंख्याला पण हवा कमी मिळते, आणि रनवेच्या दोन्ही टोकांना कडा. धडे बघा तिथले, चांगले आहेत, पण सराव समुद्रसपाटीजवळच्या एखाद्या लांब रनवेवर करा.

---

रात्रपाळी

मी जरा वेगळं मत मांडतो. मला छोट्या विमानात कधीच रस नव्हता, मी थेट बोईंग ७३७ पासून सुरुवात केली आणि आजही तेच उडवतो. कॉकपिट पूर्ण बंद अवस्थेतून चालू करणं, फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरणं, इंधन, वजन, टेकऑफचे वेग काढणं, यातच माझा आनंद आहे. प्रत्येकाने सेसनातूनच जायला हवं असा नियम का? ज्याला यंत्रणा आवडतात त्याला दोन महिने शेतांवरून घिरट्या घालायला लावलं तर तो पळून जाईल.

---

आकाशवेडी

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मला पटतो, आवड जिथे आहे तिथूनच माणूस टिकतो. यंत्रणा शिकणं हा पूर्ण वेगळा आणि मोठा अभ्यास आहे आणि त्याला सेसना लागत नाही हे खरंच. पण एक विचारते, शेवटच्या हजार फुटांत ऑटोपायलट काढल्यावर तुम्हाला वेग आणि उताराचा मेळ कुठून कळला? ७३७ जड आहे, इंजिनला ताकद द्यायला वेळ लागतो, आत्ता केलेल्या चुकीचं उत्तर काही सेकंदांनी येतं. सेसनात ते लगेच येतं, म्हणून कारण आणि परिणाम यांची गाठ डोक्यात पटकन बसते. मी दोन महिने नाही म्हणत, रोज थोडा वेळ हाताने उडा आणि उरलेल्या वेळात खुशाल ७३७ चे बटण शिका.

---

रात्रपाळी

हाताने उतरवायला मला जवळजवळ वर्ष लागलं, ते खरं आहे. आयएलएसवर (रनवेपर्यंत उतरत नेणारे रेडिओ संकेत) सगळं ऑटोपायलट आणून द्यायचा त्यामुळे गरजच पडली नाही. ठीक आहे, दोन्ही समांतर चालवता येईल हे मान्य.

---

पंखातळी

मी प्रत्यक्ष विमानावर शिकतेय सध्या, आणि त्याआधी बरीच वर्षं सिमवर होते. इथे लिहायलाच हवं असं वाटलं. सिममधून आलेल्या विद्यार्थ्यांबद्दल प्रशिक्षकांची एकच तक्रार असते, डोकं आत. आम्ही सगळे मीटर बघत उडतो. बाहेर क्षितिज एवढं मोठं समोर असताना आम्ही उंचीच्या काट्याच्या मागे धावतो, काटा उशिरा हलतो, आपण जास्त दुरुस्ती करतो, तो पलीकडे जातो, परत दुरुस्ती. माझ्या शिक्षकांनी मीटर कागदाने झाकले आणि म्हणाले इंजिनाच्या आवरणाची कड आणि क्षितिज यांच्यात किती अंतर आहे तेवढंच बघ. कमाल वाटेल पण उंची आपोआप स्थिर झाली.

सिममध्ये हे करता येतं. दृश्य असं लावा की मीटरची पट्टी खाली राहील आणि वरचा मोठा भाग बाहेरचा दिसेल. मीटरकडे फक्त ओझरतं बघायचं, बरोबर आहे का एवढं तपासायला. आणि विमानाच्या बाहेरून, मागून दिसणारं दृश्य असतं ना, ते फोटोसाठी ठेवा, शिकताना आतूनच उडा, कारण बाहेरून क्षितिजाशी नाकाचं नातं कळतच नाही.

सिमचा खरा फायदा कुठे झाला तर कामाचा क्रम, चेकलिस्ट, रेडिओवर बोलायची भाषा, व्हीओआर (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) आणि आयएलएस. तिथे मी बाकीच्यांच्या बरीच पुढे होते. जिथे सिम कमी पडतो ते म्हणजे शरीराला लागणारा झोका, सीटमधून कळणारं खाली जाणं, आणि डोळ्यांच्या कडेने दिसणारी जमीन.

---

घारीची_नजर

+१ पंखातळी. फार मोलाचं लिहिलंत.

माझा प्रश्न टेकऑफचा. थ्रॉटल दिला की विमान डावीकडे ओढतं. वारा शून्य आहे. का?

---

जुना_वैमानिक_सिमवाला

एका पंख्याच्या विमानात ते व्हायलाच पाहिजे, म्हणजे तुमचा सिम बरोबर वागतोय. चालकाच्या जागेवरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते, पंख्यामागची गोल फिरणारी हवा शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आपटते, आणि नाक वर असताना खाली जाणारं पातं, म्हणजे उजवीकडचं, जास्त ओढतं. सगळ्याचा परिणाम एकच, नाक डावीकडे. उपाय उजवा रडर. थ्रॉटल झटक्यात न देता तीनचार सेकंदात पूर्ण पुढे न्या आणि त्याच लयीत उजवा रडर वाढवत जा, नजर रनवेच्या पार टोकाला. १७२ मध्ये ५५ नॉटच्या आसपास हलकेच मागे ओढा.

तुमच्या सिममध्ये आपोआप रडर देणारी मदत चालू असेल तर बंद करा. ती चालू ठेवून शिकलेलं पुढे सगळं परत शिकावं लागतं.

---

साधा_वाचक

लँडिंगबद्दल बोला की कोणीतरी! माझं विमान टेकतं, उसळतं, परत टेकतं, अजून जोरात उसळतं. काय चाललंय?

---

आकाशवेडी

वाट बघत होते या प्रश्नाची :)

टेकायच्या क्षणी जे होतं ते खूप आधी ठरलेलं असतं, म्हणून चकरेपासून सुरू करते. टेकऑफ करा, जमिनीपासून १००० फुटांवर जा, डावीकडे वळून रनवेला समांतर उलट दिशेने या, याला डाउनविंड म्हणतात. ज्या टोकावर उतरायचं ते खांद्याच्या रेषेत आलं की थ्रॉटल १५०० आरपीएमच्या आसपास आणा, फ्लॅपचा (कमी वेगातही उचल मिळावी म्हणून पंखाच्या मागच्या कडेची खाली करायची फळी) पहिला टप्पा, वेग ८० च्या जवळ, आणि परत ट्रिम. रनवेचं टोक मागे ४५ अंशात दिसलं की डावीकडे बेसला (रनवेला आडवा टप्पा) वळा, फ्लॅपचा दुसरा टप्पा, ७० ते ७५ नॉट. मग फायनल, म्हणजे रनवेच्या सरळ समोर, पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट, परत ट्रिम. ही वळणं उथळ ठेवा. वेग कमी असताना रनवे निसटतोय म्हणून करकचून वळलं तर स्टॉल (पंखाची उचल एकदम कमी होणं) जवळ येतो, ६० अंश कलून उंची टिकवायला गेलात तर विमानाचं वजन दुप्पट झाल्यासारखं होतं आणि स्टॉलचा वेग साधारण ४१ टक्क्यांनी वाढतो. रनवे निसटला तर निसटू दे, परत चक्कर मारा.

फायनलवर एकच बघायचं. रनवेवरच्या आकड्यांवर नजर ठेवा. ते काचेत एकाच जागी थांबून फक्त मोठे होत असतील तर तुम्ही बरोबर तिथेच चाललाय. आकडे काचेत वर सरकत असतील तर तुम्ही अलीकडेच पडणार, ताकद वाढवा. खाली सरकत असतील तर लांब जाणार, ताकद कमी करा. वेग मात्र नाकानेच सांभाळायचा. रनवेच्या बाजूला पॅपीचे (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे) चार दिवे असतील तर दोन पांढरे दोन लाल म्हणजे नीट, चारही लाल म्हणजे फार खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट उतरायचं असतं, आणि वेगाला पाचने गुणलं की मिनिटाला किती फूट ते निघतं, ६५ ला ३२५.

आता तुमचं उसळणं. १० पैकी ९ वेळा कारण जास्तीचा वेग असतो. ८० ने आलात तर पंखात अजून उचल शिल्लक आहे, जमिनीजवळ तर ती अजून टिकते, विमान टेकायला तयारच नाही आणि तुम्ही नाक दाबून त्याला खाली घालताय. मग पुढचं चाक आधी आपटतं आणि उसळी येते. जमिनीपासून १५-२० फुटांवर थ्रॉटल पूर्ण बंद करा, नजर आकड्यांवरून उचलून रनवेच्या शेवटच्या टोकाला न्या, आणि विमान खाली बसायला लागलं की स्टिक थोडी मागे, परत बसायला लागलं की अजून थोडी मागे. त्याला टेकू द्यायचं नाही असं ठरवून धरायचं, वेग संपला की ते मागच्या दोन चाकांवर स्वतःच टेकतं. उसळलंच तर नाक खाली ढकलू नका. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप एक टप्पा वर, चढायला लागा, आणि परत चक्कर. उतरायचं सोडून परत वर जाणं हे चांगल्या वैमानिकाचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

---

साधा_वाचक

ताई, आत्ता करून आलो. फक्त वेग ६५ वर आणला बाकी काही बदललं नाही, आणि उसळी जवळजवळ गेली!! नजर लांब ठेवायची अजून जमत नाहीये, जमिनीकडेच जाते.

---

पंखातळी

सिममध्ये ते कठीणच जातं, कारण सपाट पडद्यावर खोली कळत नाही. झूम बघा एकदा. फार बाहेर काढलेला असेल तर सगळं लांब आणि जमीन हळू येतेय असं वाटतं, फार आत असेल तर बाजू दिसत नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी पक्कं करा आणि मग बदलू नका, डोळा त्यालाच सरावतो. डोकं हलवलं की दृश्य हलणारं साधन किंवा व्हीआर असेल तर फरक पडतो, पण त्याशिवायही होतं.

---

वाऱ्याची_दिशा

थोडी भर. लँडिंगच्या आधी स्टॉल शिकवा लोकांना. ४००० फुटांवर जायचं, थ्रॉटल बंद, उंची टिकवायला नाक वर वर नेत राहायचं. भोंगा वाजतो, विमान थरथरतं, नाक पडतं. तेव्हा स्टिक पुढे, मग पूर्ण ताकद, पंख सरळ रडरने. पंखाला हवा लागायचा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखावरून सुटते, आणि हे कुठल्याही वेगात होऊ शकतं हे डोक्यात बसलं पाहिजे. निवांत उंचीवर हे चारदा केलं की फायनलवर नाक वर ओढायचा मोह आपोआप जातो.

आणि बाजूचा वारा सगळ्यात शेवटी. आधी ५ नॉट, मग वाढवा.

---

रात्रपाळी

ऑनलाइन एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रण) कोणी बोललं नाही. व्हॅटसिम हे सिमवाल्यांचं ऑनलाइन नेटवर्क २००१ पासून आहे, नियंत्रक पण स्वयंसेवक, अगदी खऱ्यासारखं बोलतात. माईकची भीती वाटते सगळ्यांना, म्हणून आधी नुसतं ऐकत बसा. तिथे टाइप करून बोलायची सोय पण आहे. पहिल्यांदा गर्दीचा विमानतळ टाळा, जिथे नियंत्रक बसलेला नाही अशा ठिकाणी रेडिओवर १२२.८ मेगाहर्ट्झला आपण काय करतोय ते सांगत उडा. नवीन आहे असं सांगितलं की समोरचे खूप सांभाळून घेतात.

---

भटका_ढग

चकरा बऱ्यापैकी जमायला लागल्या ताई, ट्रिमचं तर आता हात आपोआप करतो. आता पुढे काय? जीपीएस लावून लांबचा प्रवास?

---

आकाशवेडी

जीपीएस बंद कर :) दोन विमानतळ निवड ३०-४० सागरी मैल अंतरावरचे, नकाशा शेजारी ठेव, नदी, रेल्वेचा रूळ, मोठा रस्ता, तळं अशा खुणा ठरव, आणि प्रत्येक खूण किती वाजता आली पाहिजे ते आधी लिहून काढ. १०० नॉटला एक सागरी मैल ३६ सेकंदात जातो, त्यावरून हिशोब कर. थोडा वारा पण लाव या वेळी. खूण वेळेत दिसली नाही तर घाबरून भटकू नको, ठरलेली दिशा धरून ठेव, शेवटची नक्की दिसलेली खूण कुठली आणि तेव्हापासून किती वेळ गेला ते बघ. ते जमलं की मग व्हीओआर.

---

वाऱ्याची_दिशा

यात एक हिशोब फार कामाला येतो. ६० मैलांवर १ अंश म्हणजे १ मैल. ३० मैल आल्यावर खूण २ मैल बाजूला दिसली तर ४ अंश चुकलाय. तेवढे ४ वळवले की मूळ रेषेला समांतर जाल, आणि अजून ३० मैल उरलेत म्हणून आणखी ४, एकूण ८ अंश वळलं की थेट मुक्कामाला. निघायच्या आधी कागदावर दोनतीन उदाहरणं सोडवून बघ, हवेत डोकं कमी चालतं.